‘आपण’ जिंकलो आणि ‘ते’ हरले

मोठ्या संकटात मनुष्याची परीक्षा होते असे म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु मोठे संकट आले म्हणजे मनुष्य आपोआप सावध होतो, चार लोक आपल्याकडे पाहत आहेत हे त्याच्या ध्यानी येते, आणि तो शक्य तितका भला वागतो. त्याचे अंतरंग उघडे पडते ते क्षुल्लक प्रसंगी, तो बेसावध असताना. माझ्या बाबतीत असा एक क्षुल्लक प्रसंग २०२१ च्या जानेवारीत घडला, आणि तो घडवून आणला माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने.

२२ जानेवारीची सकाळ होती. रात्री दीड वाजता सुरू झालेला फुटबॉलचा सामना पहाटेपर्यंत जागून पाहिल्यामुळे माझे डोळे तांबारले होते, आणि समोरचा चहा तसाच निवत होता. इंग्लंडातील लिव्हरपूल या संघाचा मी पुष्कळ वर्षांपासून पाठीराखा आहे. पुण्यातील आमच्या घराने ही गोष्ट एखाद्या जुनाट पडशासारखी सोसून घेतली आहे. मुलीने सहज विचारले, “बाबा, काय झाले काल?” मी म्हणालो, “हरले ते. बर्नलीकडून, एका गोलाने.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गेल्या महिन्यात जेवताना तुम्ही म्हणाला होतात, ‘आज आपण सात गोल केले.’ मग काल नुसते ‘ते’ कसे हरले?”

तिच्या स्वरात थट्टा नव्हती. एखादी व्याकरणातील शंका विचारावी तसे तिने विचारले होते. मी काही उत्तर न देता वर्तमानपत्र उघडले. परंतु ती शंका पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून गेली नाही, आणि त्या दिवसांत लिव्हरपूलने ती मनातून जाऊही दिली नाही.

ज्या वाचकांना या खेळाची गोडी नाही त्यांच्यासाठी तो इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. २०२० साली लिव्हरपूलने ९९ गुण मिळवून तब्बल ३० वर्षांनी इंग्लंडचे लीग-विजेतेपद परत आणले होते. त्याच वर्षी १९ डिसेंबरला त्यांनी क्रिस्टल पॅलेस या संघाला त्याच्याच मैदानावर ७–० असे लोळविले, आणि नाताळच्या दिवशी संघ गुणतक्त्याच्या माथ्यावर होता. अ‍ॅनफील्ड या आपल्या घरच्या मैदानावर तर एप्रिल २०१७ पासून लीगच्या ६८ सामन्यांत त्यांना कोणी हरवू शकले नव्हते. आणि मग, कोणतेही गडगडाट न होता, सारे ओसरू लागले. वेस्ट ब्रॉमविचशी बरोबरी झाली, न्यूकॅसलशी झाली. साउदॅम्प्टनने एका गोलाने हरवले. २१ जानेवारीस बर्नलीने ८३ व्या मिनिटाला मिळालेल्या पेनल्टीवर एकच गोल केला आणि ६८ सामन्यांचा तो किल्ला ढासळला. त्यानंतर ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि फुलहॅम यांनी अ‍ॅनफील्डवर येऊन एकामागून एक विजय नेले. त्यांतील एव्हर्टन म्हणजे त्याच शहरातला शेजारी; त्याला या मैदानावर १९९९ नंतर विजय कसा तो मिळाला नव्हता. मधल्या काळात परक्या मैदानांवर तीन सामने जिंकले खरे. परंतु घरच्या मैदानावर ओळीने सहा पराभव ही गोष्ट १८९२ साली स्थापन झालेल्या त्या क्लबच्या इतिहासात पूर्वी कधीही घडली नव्हती.

हंगामाच्या मध्यावर येणारी अशी पडझड हा दुःखाचा एक चमत्कारिक प्रकार आहे. अंतिम सामन्यातील पराभवाला शोकान्त नाटकाची प्रतिष्ठा असते. पडदा पडतो, प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो. मध्यावरील पडझडीला पडदाच नसतो. ती अंगात मुरलेल्या बारीक तापासारखी असते. मनुष्य अंथरुणालाही खिळत नाही आणि उत्साहाने उभाही राहत नाही. चार दिवसांनी पुन्हा सामना असतो, पुन्हा आशा करावी लागते, आणि पुन्हा तीच आशा गुंडाळून ठेवावी लागते. अशा वेळी पाठीराख्याला दुःखापेक्षा कंटाळा अधिक येतो, आणि निष्ठेचा घात दुःखाने होत नाही तितका कंटाळ्याने होतो. माझ्या तोंडून ‘ते’ हा शब्द निघाला तो याच कंटाळ्यातून.

आता मुलीच्या शंकेकडे वळू. आपल्या मराठी भाषेने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा एक सूक्ष्म भेद राखून ठेवला आहे. इंग्रजी भाषेला तो ठाऊक नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की त्यालाही हात धरून आत घेतले जाते. डिसेंबरात सात गोल झाले तेव्हा माझे औदार्य इतके उतू गेले होते की, जिला या खेळाचे नियमही धड माहीत नाहीत त्या मुलीलाही मी त्या विजयाची वाटेकरीण करून टाकले. जानेवारीत एक गोल झाला तेव्हा मी तिला तर वगळलेच, पण ‘आम्ही’ म्हणून स्वतःपुरतादेखील पराभव ठेवून घेतला नाही. तो सगळाच्या सगळा अकरा परक्या तरुणांच्या पदरात टाकून मी मोकळा झालो.

हा रोग माझ्या एकट्याचा नाही. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. तिकडील विद्यापीठांचे संघ त्यांच्या पद्धतीचे फुटबॉल खेळतात. आपला संघ जिंकला म्हणजे पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात, असे त्यांना आढळले. आणि सामन्याचे वर्णन करावयास सांगितले असता विजयाच्या वर्णनात ‘आम्ही’ हा शब्द पराभवाच्या वर्णनापेक्षा अधिक वेळा येतो, असेही आढळले. फार कशाला, आपल्याच घरांत पाहावे. परीक्षेत पहिला आलेला मुलगा ‘आमचा’ असतो. नापास झालेला मुलगा, निदान त्या एका संध्याकाळपुरता, पत्नीला उद्देशून ‘तुझा’ होतो. इतिहासाच्या गप्पांतही १६७४ चा राज्याभिषेक ‘आपला’ असतो आणि १७६१ चे पानिपत मात्र ‘पेशव्यांचे’. सर्वनामांची ही लबाडी आपण इतक्या सहजपणे करतो की ती लबाडी आहे हे कळण्यास एखादे मूलच भेटावे लागते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, खरी लबाडी ‘ते हरले’ या वाक्यात नसून ‘आपण सात गोल केले’ या वाक्यात आहे. तुम्ही कोणता गोल केला? सातासमुद्रांपलीकडच्या एका क्लबशी तुमचा ना रक्ताचा संबंध, ना गावाचा, ना भाषेचा. तुम्ही पुण्यात आरामखुर्चीवर बसून होता. तेव्हा ‘ते’ हेच योग्य सर्वनाम. विजयातही तेच वापरा म्हणजे झाले!

हा आक्षेप मला बराच काळ बिनतोड वाटत असे. गीतेने मनुष्याला कर्म करण्यास सांगितले आणि फळाची आसक्ती धरू नको म्हणून बजावले. पाठीराख्याने तो उपदेश नेमका उलटा केलेला दिसतो. कर्म काडीचे करावयाचे नाही आणि फळावर मात्र पहिला हक्क सांगावयाचा! परंतु हाच न्याय शेवटपर्यंत नेला तर मनुष्याजवळ किती ‘आपण’ उरतील? ज्या भाषेत मी लिहीत आहे ती मी घडविलेली नाही. ज्या वाड्यात वाढलो त्याची एक वीटही मी रचलेली नाही. ज्या देशाला माझा म्हणतो त्याच्यासाठी मी तुरुंगात गेलेलो नाही. आपले बहुतेक ‘आपण’ हे न कमावलेलेच असतात. असे सर्वनाम उच्चारताना मनुष्य आपल्या मागील कर्तृत्वाची पावती दाखवीत नसतो. तो पुढच्यासाठी शब्द देत असतो. आजच्या आनंदात मी वाटेकरी होत आहे, उद्याच्या अपमानातही होईन, असा त्या शब्दाचा अर्थ असतो. म्हणून सात गोलांच्या दिवशी ‘आपण’ म्हटल्याबद्दल मला लाज वाटत नाही. उचल घेतली त्याची लाज कसली? लाज वाटते ती फेडीचा दिवस आल्यावर दार लावून घेतल्याची.

ही फेड टाळण्याचे दोन राजमार्ग आहेत. पहिला मार्ग वैराग्याचा. ‘अखेर खेळच तो, त्यात एवढे काय?’ हे वाक्य अगदी खरे आहे. पण ते केवळ पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सुचते यातच त्याचे पितळ उघडे पडते. ज्याला विजयाच्या रात्रीही हे वाक्य आठवले असेल त्याच्या वैराग्यापुढे मी मस्तक नमवीन.

दुसरा मार्ग संतापाचा, आणि तो मला अधिक जवळचा आहे. संतापलेला पाठीराखा घेणेकऱ्यासारखा बोलतो. मी इतक्या रात्री जागलो, इतकी वर्षे दिली. आता माझे मला परत करा! ७ फेब्रुवारीस मँचेस्टर सिटीने ४–१ असे हरविले त्या सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक आलिसन बेकर याने लागोपाठ दोनदा चेंडू सरळ प्रतिपक्षाच्या पायांत दिला आणि दोन्ही वेळा गोल झाले. त्या वेळी मी पडद्याकडे पाहून जे बोललो ते मुलगी झोपलेली होती म्हणूनच बोलू शकलो.

पण संताप ओसरल्यावर जरा विचार केला असता तर दिसले असते की, त्या पडझडीला कारणे होती आणि ती झाकलेलीही नव्हती. बचावाचा आधारस्तंभ व्हर्जिल व्हॅन डाइक ऑक्टोबरात एव्हर्टनविरुद्ध गुडघा दुखावून उरलेल्या हंगामासाठी गेला होता. नोव्हेंबरात जो गोमेझ गेला, जानेवारीच्या अखेरीस जोएल मातिप गेला. मग फाबिन्यो आणि हेंडरसन या मध्यफळीतील खेळाडूंना मागे बचावात उभे करावे लागले. मागची भिंत सावरण्यासाठी माजघराच्या विटा काढाव्यात, तसा हा प्रकार होता. भिंत धड उभी राहिली नाही आणि माजघरही खिळखिळे झाले. पुढच्या फळीला चेंडू पोचविणारी माणसेच मागे अडकल्यामुळे गोल होणेही थांबले. कारण आणि दोष या दोन निराळ्या वस्तू आहेत. संतापाला कारणाशी कर्तव्य नसते. त्याला कोणीतरी दोषी हवा असतो.

शिवाय, ज्यांच्या नावाने मी बोटे मोडीत होतो त्यांच्या घरी त्या हिवाळ्यात काय चालले होते? प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांची आई वारली, आणि साथीच्या प्रवासबंदीमुळे त्यांना जर्मनीत तिच्या अंत्यविधीला जाता आले नाही. २४ फेब्रुवारीस आलिसनचे वडील ब्राझीलमध्ये पाण्यात बुडून गेले. साथीच्या निर्बंधांमुळे तोही अंत्यसंस्काराला जाऊ शकला नाही. ही बातमी वाचली तेव्हा मला ७ फेब्रुवारीची रात्र आठवली. वडिलांचा मृत्यू त्यानंतरचा, तेव्हा त्या दोन चुकांशी त्याचा संबंध नाही हे मी जाणतो. माझ्या शब्दांनी त्याला इजा झाली नाही हेही जाणतो. तरी ज्याला मी विजयात ‘आपण’ म्हणत होतो तो एक मनुष्य आहे ही गोष्ट मी इतक्या सहज कशी विसरलो, याचे उत्तर मला देता आले नाही. घरचा मनुष्य चुकला म्हणजे आपण रागावतो. पण रागावतानाही तो घरचा आहे हे विसरत नाही. ‘ते’ म्हणताच तेवढे विसरण्याची सोय होते.

त्या वर्षी आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. साथीमुळे मैदाने ओस पडली होती. ते सहाही पराभव रिकाम्या अ‍ॅनफील्डवर झाले. जेथे ५० हजारांहून अधिक कंठ एकदम गातात तेथे खेळाडूंच्या हाका आणि चेंडूचा टप्पा तेवढा ऐकू येई. ‘कॉप’ या प्रसिद्ध सज्जात पाठीराख्यांचे ध्वज आणि फलक तेवढे त्यांच्या जागी टांगून ठेवलेले होते. माणसे नाहीत आणि त्यांचे ध्वज आहेत, असे ते दृश्य होते. मैदानाच्या शेजारच्या गल्लीत राहणारा मनुष्य आणि पुण्यात राहणारा मी, दोघेही त्या हंगामात अ‍ॅनफील्डपासून सारखेच दूर होतो; दोघांचाही आवाज आत पोचत नव्हता.

आणि त्या आवाजाला किंमत असते असेही त्याच वर्षी दिसून आले. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून प्रथमच त्या हंगामात घरच्या मैदानावरील विजयांपेक्षा परक्या मैदानावरील विजय अधिक झाले. मग जो आवाज पोचतच नाही त्याचे काय? ज्या निष्ठेचा कोणालाही उपयोग नाही ती ठेवावी कशासाठी? मला वाटते, उपयोगाचा प्रश्न सुटल्यावरच निष्ठेचा प्रश्न सुरू होतो. ज्या निष्ठेने काही साधते तीत व्यवहाराचा अंश असतोच. जिने काही साधत नाही तिच्यात मनुष्याने दिलेला शब्द तेवढा शिल्लक असतो. पहाटे तीन वाजता हरणारा सामना मी शेवटपर्यंत पाहिला काय किंवा न पाहिला काय, लिव्हरपूलला त्याचे सुखदुःख नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलीपुढे मी कोणते सर्वनाम वापरतो याचा माझ्याशी संबंध आहे, आणि तिच्याशीही आहे; कारण सर्वनामे कशी वापरावीत हे मुले आपल्याकडूनच शिकतात.

यावर शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. ‘आपण’ या शब्दाला असे बांधून घेणे म्हणजे आंधळी निष्ठा नव्हे काय? आपल्या जातीचे, पक्षाचे, राष्ट्राचे सर्व काही पोटात घालणारे लोक हीच भाषा बोलतात. या शंकेचे उत्तरही मला त्या हंगामातच मिळाले. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ धनाढ्य क्लबांनी आपली एक निराळी ‘सुपर लीग’ काढण्याची घोषणा केली. संस्थापक क्लब कितीही वाईट खेळले तरी त्यांची जागा कायम राहावी अशी तिची रचना होती. त्या १२ जणांत लिव्हरपूल होता. घोषणा होताच कॉपमधील पाठीराख्यांच्या मंडळाने आपले ध्वज मैदानातून काढून घेत असल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांत, २० एप्रिलला, इंग्लंडचे सहाही क्लब त्या योजनेतून बाहेर पडले, आणि लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी पाठीराख्यांची जाहीर क्षमा मागितली.

सहा पराभवांत जे ध्वज हलले नाहीत ते एका लोभाच्या घोषणेने उतरले! निष्ठेची मर्यादा यापेक्षा स्पष्ट कोणी आखली असेल असे मला वाटत नाही. दुबळेपणा सोसावयाचा असतो. विश्वासघात सोसावयाचा नसतो. आणि ध्वज उतरविणारे ते लोक ‘ते चुकले’ म्हणून दूर झाले नाहीत. आपल्या घरात हे घडले याची त्यांना शरम वाटली, म्हणून ते उठले. ज्याने पराभवात ‘ते’ म्हणून अंग काढून घेतले त्याला अधर्माच्या वेळी ‘हे आपल्याला शोभत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोठून येणार? आंधळा अनुयायी आणि पळपुटा पाठीराखा दिसतात परस्परविरुद्ध, परंतु ‘आपण चुकलो’ हे वाक्य दोघांच्याही तोंडून निघत नाही.

पुढे काय झाले हे सांगणे प्राप्त आहे. मार्चच्या मध्यास संघ सावरला आणि शेवटच्या १० लीग सामन्यांत हरला नाही. १६ मे रोजी वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध ९५ व्या मिनिटाला आलिसनने स्वतःचा गोल सोडून पुढे धाव घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात मारून सामना २–१ असा जिंकून दिला. क्लबच्या इतिहासात गोलरक्षकाने केलेला तो पहिलाच गोल. सामन्यानंतर तो वडिलांच्या आठवणीने रडला. संघ ६९ गुणांसह तिसरा आला. ही हकीकत सांगताना आजही माझा कंठ दाटतो. परंतु तिला मी निष्ठेचे फळ म्हणणार नाही. तो चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता तरी मुलीच्या शंकेचे उत्तर तेच राहिले असते.

ते उत्तर देण्याची संधी मला यथावकाश मिळाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूल पुन्हा विजेता झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत पराभवांची नवी माळ सुरू झाली. २२ नोव्हेंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्टने अ‍ॅनफील्डवर येऊन ३–० असे हरविले. मुलगी आता शिक्षणासाठी परगावी असते. त्या रात्री तिचा फोन आला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने विचारले, “आज सामना होता ना?”

मी म्हणालो, “होता. आपण हरलो.”

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती हसून म्हणाली, “आपण म्हणजे मीसुद्धा का, बाबा?”

“सात गोलांच्या वेळी तूही होतीसच,” मी म्हणालो.